आतला दिवा का लागत नाही? जुन्या स्पोर्ट्स कारवाल्यांचे प्रश्न

यावेळी जुन्या टू-सीटर गाड्यांच्या आतल्या दिव्यांबद्दल एवढी पत्रं आलीत की इंजिन-गिअरबॉक्सचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकललेत आणि सगळा कॉलम यालाच दिलाय. काही जण म्हणतील एवढासा पाच-सहा वॅटचा बल्ब, त्यासाठी दोन पानं कशाला. पण जुन्या गाडीच्या वायरिंगची तब्येत बघायची तर मी पहिल्यांदा आतल्या दिव्याकडेच जातो, कारण या सर्किटला चावी लागत नाही, रिले नसतो, बॅटरी-फ्यूज-बल्ब-दाराचा स्विच आणि परत बॅटरी, बस एवढंच, आणि तेवढंही नीट चालत नसेल तर बाकीच्या गाडीत काय चाललंय याचा अंदाज येतो. दुसरं म्हणजे यातले बहुतेक फॉल्ट बल्बच्या आधी नसतात, नंतर असतात, म्हणजे करंट बल्बमधून निघून परत बॅटरीकडे जातो त्या वाटेवर. लोक फक्त येणारा करंट तपासतात आणि मग पार्ट मागवत बसतात.

हत्यारं फार नकोत. एक साधा टेस्ट लॅम्प (एका बाजूला क्लिप आणि दुसऱ्या बाजूला टोक असलेला बल्ब, एलईडीवाला नको), एक मल्टिमीटर, पॉलिश पेपर आणि थोडं व्हॅसलिन. टेस्ट लॅम्प का, तर गंजलेल्या जॉइंटमधून मीटर आरामात 12 व्होल्ट दाखवतं, कारण मीटर करंट घेतच नाही. बल्ब घेतो. म्हणून मीटर म्हणतंय सप्लाय आहे आणि दिवा मात्र लागत नाही असं झालं की तिथे टेस्ट लॅम्प लावा, खरं काय ते लगेच कळतं.

प्रश्न (रेडिंग, इंग्लंड): नमस्कार सर. माझ्याकडे 1973 ची एमजीबी रोडस्टर आहे, वायरिंग जवळजवळ सगळं ओरिजिनल. मागच्या उन्हाळ्यात गाडी पूर्ण रंगवून घेतली आणि तेव्हापासून दार उघडलं तरी आतला दिवा लागत नाही. ड्रायव्हरचं दार जोरात उघडलं तर कधीतरी क्षणभर लागून जातो, दुसऱ्या दाराने तर कधीच नाही. बल्ब नवीन टाकला, फ्यूज पण बघितला, ठीक आहे. रंगवाल्याचं म्हणणं आहे वायरिंग म्हातारं झालंय, सगळं हार्नेसच (गाडीतल्या वायरींचा पूर्ण जुडगा) बदला. बदलू का?

उत्तर: नका बदलू, निदान या कारणासाठी तरी अजिबात नको. रंग दिल्यापासून बंद झालंय हे तुम्हीच लिहिलंय आणि तेच उत्तर आहे असं मला नव्वद टक्के वाटतंय, पण तपासून बघू.

तुमच्या गाडीत त्या काळच्या ब्रिटिश पद्धतीचे वायरींचे रंग आहेत आणि ते एकदा डोक्यात बसले की अर्धं काम झालं. तपकिरी म्हणजे थेट बॅटरीची, फ्यूज नसलेली. जांभळी म्हणजे कायम चालू पण फ्यूजमधून आलेली. हिरवी म्हणजे चावी फिरवल्यावर फ्यूजमधून येणारी, लाल म्हणजे साइड लाइटची, काळी म्हणजे अर्थ, करंट परत बॅटरीकडे नेणारी. आतल्या दिव्याला जांभळी येते आणि दिव्यातून जांभळ्यावर पांढरी रेघ असलेली वायर निघून दाराच्या खांबातल्या स्विचकडे जाते. त्या स्विचला एकच वायर असते, त्याची दुसरी बाजू म्हणजे गाडीची बॉडी. दार उघडलं की स्विचची दांडी बाहेर येते, वायर बॉडीला जोडली जाते आणि दिवा लागतो. म्हणजे स्विच जिथे पत्र्याला टेकतो तो कॉन्टॅक्ट हाच या सर्किटचा प्राण, आणि तुमच्या रंगवाल्याने नेमका तिथेच प्रायमर आणि कलरचा थर चढवला असणार. जोरात दार उघडल्यावर क्षणभर लागतो तेही यात बसतं, हादऱ्याने स्क्रू कुठेतरी पत्र्याला लागत असेल.

आता क्रमाने करा. आधी हॉर्न वाजवा. तुमच्या मॉडेलमध्ये हॉर्नला पण जांभळ्यातूनच सप्लाय आहे, तेव्हा हॉर्न वाजला तर फ्यूजपर्यंत सगळं नीट आहे. नाही वाजला तर फ्यूजच्या डब्यापाशी जा. चार फ्यूजपैकी ज्याच्या एका बाजूला तपकिरी आणि दुसऱ्या बाजूला जांभळी आहे तो काढा, आणि फ्यूज बघून समाधान मानू नका, त्याच्या दोन्ही टोकांच्या पट्ट्या पॉलिश पेपरने चमकेपर्यंत घासा, कारण फ्यूज चांगला आणि पट्टी काळी हे या वयाच्या डब्यात नेहमीचं आहे. इथे एक महत्त्वाचं सांगतो. ओरिजिनल लुकासचा (या गाड्यांचं इलेक्ट्रिकल सामान बनवणारी ब्रिटिश कंपनी) 35 अँपिअरचा फ्यूज म्हणजे 35 ला उडणारा, तो सतत 17 अँपिअरच सोसतो. आजकाल बाजारात मिळणारे बरेच फ्यूज सतत किती चालेल त्या आकड्याने विकले जातात, म्हणजे तसला 35 चा घातलात तर वायर जळेल पण फ्यूज उडणार नाही. 17 चालू, 35 ला उडणारा असाच मागून घ्या. गाडी जपायची असेल तर ही एक गोष्ट आजच बघा, दिव्याचं उद्या केलं तरी चालेल.

मग दिव्याची काच काढा, बल्ब तसाच राहू दे. टेस्ट लॅम्पची क्लिप चांगल्या अर्थला लावा आणि टोक जांभळीच्या टर्मिनलला, तो पूर्ण उजेडाने लागला पाहिजे. आता मीटर घ्या आणि दिव्याच्या दुसऱ्या टर्मिनलवर, म्हणजे जांभळी-पांढरीवर लावा. दारं बंद असताना तिथे 12 व्होल्ट दिसायला हवेत (बल्बमधून आलेले, करंट वाहत नाही म्हणून पूर्ण दिसतात) आणि दार उघडल्यावर शून्य. दार उघडूनही 12 च राहिले तर पुढची वाट तुटलेली आहे, बल्ब-फ्यूज-सप्लाय सगळे निर्दोष.

मग दाराचा स्विच. स्क्रू काढून हळूच बाहेर ओढा आणि वायरीला आधी दोरा किंवा टेप लावून ठेवा, ती खांबाच्या आत पडली तर काढताना रडू येतं. वायर स्विचमधून काढा आणि कुठल्याही उघड्या धातूला टेकवा. दिवा लागला? झालं, वायरिंग ठणठणीत आहे. हे करायला घाबरू नका, मध्ये बल्ब असल्यामुळे शॉर्ट होत नाही, मात्र फक्त जांभळी-पांढरीच टेकवायची, नुसती जांभळी टेकवलीत तर फ्यूज जाईल. आता स्विचचा पत्र्याला टेकणारा भाग आणि खांबातल्या भोकाची कड स्वच्छ करा, स्विचच्या खाली झाकला जाईल तेवढाच रंग खरवडायचा, बाहेर दिसणाऱ्या रंगाला हात लावायचा नाही. स्क्रूखाली दातेरी वॉशर घाला आणि बसवताना व्हॅसलिनचा पातळ हात द्या म्हणजे इंग्लंडच्या दमटपणात परत गंज धरणार नाही. दोन्ही दारांना हेच करा, ते दोन्ही स्विच पॅरलल आहेत, एकाचा दुसऱ्यावर परिणाम नाही.

वायर टेकवूनही दिवा लागला नाही तर मग मधले गोळीसारखे पिन-कनेक्टर शोधा, ते रबरी नळीत बसवलेले असतात. आतली पितळी स्लीव्ह काळी-हिरवी झाली असेल तर घासण्यापेक्षा नवीन स्लीव्ह घाला, फार स्वस्त असतात. हार्नेस बदलायचा विचार वायरींचं इन्सुलेशन वाकवल्यावर तडकायला लागलं असेल तरच करा. पन्नास वर्षांचं ओरिजिनल हार्नेस गाडीत असणं ही जपायची गोष्ट आहे, कुणाच्या अंदाजावर फेकून द्यायची नाही.

प्रश्न (मडगाव, गोवा): माझ्याकडे सॅन स्टॉर्म आहे, फायबरची, आपल्या गोव्यातच बनलेली म्हणून हौसेने घेतली. पावसाळ्यानंतर आतला दिवा एकदम मंद झालाय आणि ब्रेक दाबला की तो अजून मंद होतो, वर डॅशबोर्डवरचा एक दिवा उगाच मिणमिणतो. आमच्या इथल्या वायरमनने दिव्याजवळच बॉडीला स्क्रू मारून नवीन अर्थिंग दिलं पण काही फरक नाही.

उत्तर: फरक पडणारच नव्हता हो. तुमच्या गाडीची बॉडी फायबरग्लासची आहे आणि फायबरमधून करंट जात नाही, त्या स्क्रूने फक्त बॉडीला एक भोक पडलं. वायरमनची पण पूर्ण चूक म्हणणार नाही, त्याचा हात रोज पत्र्याच्या गाड्यांवर चालतो आणि तिथे जवळच्या पत्र्याला वायर मारली की काम होतं. फायबरच्या गाडीत, मग ती तुमची स्टॉर्म असो, लोटस एलान असो नाहीतर कॉर्व्हेट, दिव्याला परतीची वायर स्वतंत्र ओढावी लागते आणि ती शेवटी चॅसीच्या किंवा इंजिनच्या धातूला आणि तिथून बॅटरीच्या निगेटिव्हला पोचावी लागते. बऱ्याचदा पाच-सहा दिव्यांच्या परतीच्या वायरी एकाच थिम्बलमध्ये (वायरीच्या टोकाला दाबून बसवलेली, बोल्टखाली येणारी धातूची चकती) घालून एका बोल्टखाली आवळलेल्या असतात, आणि तो बोल्ट गंजला की सगळ्यांचीच वाट एकदम अडते.

तुमचं लक्षण याचंच आहे, आणि फार स्पष्ट आहे. ब्रेकचे बल्ब 21 वॅटचे असतात. ब्रेक दाबल्यावर त्यांचा करंट त्या गंजलेल्या बोल्टमधून बाहेर पडायला बघतो, तिथे पुरेशी वाट मिळत नाही, म्हणून त्या बोल्टपाशीच दोन-चार व्होल्ट साचतात. तेवढे व्होल्ट आतल्या दिव्याला कमी मिळतात म्हणून तो मंद होतो, आणि उरलेला करंट दुसऱ्या कुठल्यातरी बल्बमधून उलटा वाट काढतो म्हणून डॅशबोर्डवरचा मिणमिणतो. एक दिवा लावला की दुसऱ्याच दिव्यावर परिणाम होतो असं दिसलं की डोळे झाकून अर्थिंगकडे जा, सप्लायकडे नको.

खात्री करायला असं करा: आतला दिवा चालू ठेवा, कुणाला तरी ब्रेकवर पाय ठेवायला सांगा, मीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक दिव्याच्या अर्थच्या टर्मिनलला आणि दुसरं टोक थेट बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला लावा (क्लॅम्पला नाही, खांबाला). चांगल्या अर्थिंगवर हे 0.2 व्होल्टच्या आत असतं. एक-दोन व्होल्ट दिसले तर मीटरचं दिव्याकडचं टोक तिथून बॅटरीच्या दिशेने एकेका जॉइंटवर सरकवत या, ज्या जॉइंटच्या पलीकडे आकडा एकदम पडतो तोच दोषी.

तो बोल्ट उघडा, चॅसीचा धातू उघडा करा, थिम्बल हिरवं झालं असेल तर कापून टाका आणि वायर मागे सोलून बघा, तांब्याच्या तारा आतपर्यंत काळ्या असतील तर चकचकीत तांबं दिसेपर्यंत मागे जायचं, नाहीतर नवीन थिम्बल लावूनही महिन्याभरात तेच. समुद्राची हवा आणि गोव्याचा पावसाळा मिळून वायरीच्या आत बोटभर तरी शिरतात. कथील चढवलेलं तांब्याचं थिम्बल घ्या, ॲल्युमिनियमचं नको, नीट क्रिम्प करा (पक्कडीने वायरीवर दाबून बसवा), वर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) घाला, बोल्ट आवळल्यावर व्हॅसलिन. शक्य असेल तर मागच्या दिव्यांची परतीची वायर वेगळी करून 1.5 स्क्वेअर एमएमची स्वतंत्र ओढा आणि आतल्या दिव्याची वेगळी ठेवा. आणि तो फायबरमधला स्क्रू काढून भोक बुजवा, तिथून पाणी उतरेल.

प्रश्न (न्यू जर्सी, अमेरिका): 1978 ची कॉर्व्हेट नुकतीच घेतली. दोन्ही दारं बंद केली तरी आतले दिवे जातच नाहीत. दाराचे स्विच बदलायला घेऊ का?

उत्तर: आधी हेडलाइटची ओढायची मूठ बघा. ती गोल फिरवली की डॅशबोर्डचा उजेड कमी-जास्त होतो, आणि डावीकडे अगदी शेवटपर्यंत फिरवली की टक् होऊन आतले दिवे कायमचे चालू राहतात. नवीन मालकाला हे कुणी सांगत नाही. थोडी उजवीकडे फिरवा. तरीही गेले नाहीत तर मग एकेका दाराची स्विचची दांडी बोटाने पूर्ण दाबून बघा, बोटाने दिवा जातो आणि दार लावून जात नाही म्हणजे बिजागरी बसलीय आणि दार दांडीपर्यंत पोचत नाहीये, स्विचचा दोष नाही.

प्रश्न (ऑकलंड, न्यूझीलंड): माझ्याकडे जपानहून आलेली 1992 ची युनोस रोडस्टर आहे. चार-पाच दिवस उभी राहिली की बॅटरी झोपते. बॅटरी नवीन आहे, चार्जिंग पण बरोबर आहे. नवरा म्हणतो रोज चालव म्हणजे प्रश्नच नाही.

उत्तर: ताई, रोज चालवणं गाडीला चांगलंच, पण त्याने फॉल्ट जात नाही, लपतो. हिशोब बघा. 5 वॅटचा एक बल्ब 12 व्होल्टवर साधारण 0.4 अँपिअर खातो. समजा तुमची बॅटरी तीस अँपिअर-अवरची असेल, तर असा एक बल्ब तीन दिवसांत तिचा पूर्ण फडशा पाडतो, आणि स्टार्टर तर त्याच्या बराच आधी हात टेकतो. म्हणजे कुठेतरी एक छोटा दिवा किंवा तेवढंच काहीतरी सतत चालू असायची शक्यता मोठी आहे.

ज्या दिव्याकडे बघता येत नाही तो पहिला संशयित. डिकीत दिवा असेल तर मोबाइलवर व्हिडिओ रेकॉर्डिंग चालू करून तो आत ठेवा, डिकी लावा, मिनिटभराने उघडून बघा. ग्लोव्हबॉक्समध्ये असेल तर तिथेही हेच.

त्यातून काही सापडलं नाही तर करंट मोजावा लागेल. बॅटरी डिकीतच आहे, तेव्हा सोयीचं आहे. निगेटिव्हची वायर काढा, मीटर 10 अँपिअरच्या खाचेत लावून खांब आणि वायर यांच्यामध्ये जोडा. डिकी उघडी असल्यामुळे तिचा दिवा असेल तर बल्ब काढून ठेवा, दारं बंद. मीटर लावलेलं असताना चावी फिरवायची नाही, हेडलाइट लावायचे नाहीत, मीटरचा फ्यूज जातो. पाच-दहा मिनिटं थांबा. 50 मिलिअँपिअरच्या आत असेल तर ठीक, जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा आणि कुठला काढल्यावर आकडा पडतो ते बघा. 'रूम' लिहिलेला फ्यूज काढल्यावर पडला तर आतले दिवे आणि रेडिओच्या मेमरीच्या लाइनवर शोधायचं. माझा अनुभव असा की जपानहून आलेल्या गाडीत तिथलाच जुना रेडिओ, अलार्म असलं काहीतरी आधीच्या मालकाने वायर सोलून, टेप गुंडाळून जोडलेलं असतं आणि बऱ्याचदा गळती तिथेच निघते. असे टेपवाले जॉइंट दिसले की मोकळे करून नीट क्रिम्प करा. कॉम्प्युटरच्या वायरींना मात्र मोठ्या बल्बचा टेस्ट लॅम्प लावू नका, तिथे मीटरच.

अजून एक, विचारलं नाहीत पण सांगतो. या गाडीची मूळ बॅटरी सीलबंद प्रकारची होती. नवीन घेताना पाण्याची साधी बॅटरी बसवली असेल तर तिच्या वायूची नळी डिकीच्या बाहेर सोडलेली आहे ना ते बघा. नसेल तर हे आधी करून घ्या.

प्रश्न (पुणे): आजोबांची 1952 ची एमजी टीडी आम्ही परत चालू केली. डॅशबोर्डचा उजेड फार पिवळा आणि कमी आहे म्हणून एलईडी बल्ब आणले, तर एकही लागत नाही. बल्ब फॉल्टी आहेत का? आणि मोबाइल चार्जर बसवता येईल का?

उत्तर: बल्ब चांगले असणार. तुमची गाडी पॉझिटिव्ह अर्थची आहे, म्हणजे बॅटरीचा प्लस बॉडीला आणि मायनस फ्यूजकडे (मधल्या काळात कुणी उलटं करून घेतलं नसेल तर, बॅटरीकडे एकदा बघून घ्या). साध्या बल्बला करंट कुठूनही आला तरी चालतो, एलईडीला एकाच दिशेने लागतो आणि बाजारातले बहुतेक निगेटिव्ह अर्थ धरून बनवलेले असतात. पॉझिटिव्ह अर्थ असं लिहिलेले किंवा दोन्ही दिशांनी चालणारे मिळतात, ते मागवा.

पण त्याआधी जुना बल्ब परत लावा आणि बल्बहोल्डर, डॅशबोर्डच्या मागचा अर्थ आणि उजेड कमी-जास्त करायचा रिओस्टॅट असेल तर तो, हे सगळं स्वच्छ करून बघा. रिओस्टॅट वर्षानुवर्षं एकाच जागी राहिला की तार काळी पडते, कॉन्टॅक्ट क्लीनर मारून वीस-तीस वेळा इकडून तिकडे फिरवला की बरंच काम होतं. 12 चे 9 व्होल्ट बल्बला पोचत असतील तर उजेड पिवळाच पडणार. माझ्या मते टीडीच्या डॅशबोर्डला तो साधा उबदार उजेडच शोभतो, पूर्ण व्होल्टेज मिळालं तर रात्री मीटर वाचायला पुरतो. ज्यांच्या गाडीत अल्टरनेटर आहे त्यांनी हेही लक्षात ठेवा: चार्जिंगचा लाल दिवा एलईडी करू नका, त्या बल्बमधून जाणाऱ्या करंटवरच अल्टरनेटर जागा होतो, एलईडी लावला तर चार्जिंग सुरूच होणार नाही असं होऊ शकतं.

चार्जरचं जपून. सिगरेट लायटरमध्ये लावायचा साधा चार्जर या गाडीत लावला तर त्याला प्लस-मायनस उलटे मिळतात आणि तो जळतो. सॉकेट बॉडीपासून पूर्ण इन्सुलेट करून, दोन्ही वायरी स्वतंत्र ओढून, बॅटरीच्या मायनसकडून येणाऱ्या वायरीत 5 अँपिअरचा फ्यूज घालून बसवता येतं. पण मग मोबाइलची केबल लावलेली असताना तिचं धातूचं टोक बॉडीला लागता कामा नये, कारण चार्जरचा मायनस म्हणजे बॅटरीचा मायनस आणि बॉडी प्लस, सरळ शॉर्ट. आजोबांच्या गाडीत मी तरी हे करणार नाही, खिशात छोटी पॉवर बँक ठेवा.